तीस दिवसांच्या रजेत न बसणारी दाढ

आखाती देशांत काम करणाऱ्या आपल्या माणसांच्या आजारपणाचा एक अलिखित नियम आहे : जे आज जिवावर बेतत नाही ते सुट्टीवर ढकलायचं. मुतखडा अडला, छातीत दुखलं, मचाणावरून पडलं तर तिथलं हॉस्पिटल. बाकी सगळं, म्हणजे ठणकणारी दाढ, रक्त येणाऱ्या हिरड्या, वाढलेली साखर, धूसर दिसणं, ‘गावी गेल्यावर बघू’ या खात्यात जमा. महाड, चिपळूण, रत्नागिरीपासून गोव्यातल्या सासष्टी-बार्देशपर्यंतचे डेंटिस्ट हे खातं चांगलं ओळखतात. मे महिना, ईद, गणपती आणि नाताळ हे त्यांचे गर्दीचे दिवस. खुर्चीत बसता बसता बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘डॉक्टर, माझं परतीचं तिकीट अमुक तारखेचं आहे, त्याआधी सगळं बसवून द्या.’

याला आपण हुशारी म्हणतो. तिकडे एका दाढेला लागतात तेवढ्या पैशांत इकडे चार दाढा होतात, असा हिशेब प्रत्येकाला तोंडपाठ आहे. हिशेब खोटा नाही, पण अर्धवट आहे. उपचार मुख्यतः लवकर केल्याने स्वस्त होतो. स्वस्त देशात केल्याने मिळणारी सूट त्यापुढे किरकोळ आहे. परदेशी कामगारांचे विमे मात्र असे बांधलेत की लवकर उपचार घेणंच माणसाला परवडू नये. ही रचना बदलली पाहिजे आणि ती बदलून घेण्याची जबाबदारी यजमान देशांइतकीच आपल्या सरकारांचीही आहे.

आधी एका दाढेचा प्रवास बघू. खालच्या जबड्यातल्या पहिल्या दाढेच्या खाचेत काळा ठिपका दिसतो. गोड किंवा थंड लागलं की क्षणभर झिणझिणतं. या टप्प्यावर काम एका बैठकीचं, अर्ध्या तासाचं : कीड काढायची आणि फिलिंग भरायचं. आपल्याकडे खासगी दवाखान्यात साधारण ८०० ते २,००० रुपये. दुबईत दोनशे ते चारशे दिऱ्हम, म्हणजे दिऱ्हम २४ रुपयांचा धरला तर पाच ते दहा हजार. महिना हजार-बाराशे दिऱ्हम पगार, त्यातले निम्म्याहून अधिक घरी पाठवायचे; असा माणूस ही रक्कम त्या ठिपक्यावर खर्च करत नाही. आठ-दहा महिन्यांत कीड नसेपर्यंत पोचते, गरम चहाने कळ येते, रात्री आडवं झालं की ठणका वाढतो. आता रूट कॅनाल, म्हणजे किडलेली नस काढून आतली पोकळी साफ करून भरणं, आणि वर कॅप. तेही टाळलं तर दाढेची भिंत तुटते, मूळ कुजतं आणि दाढ काढावी लागते. मग मोकळी जागा भरायला ब्रिज (शेजारचे दोन दात घासून त्यांच्या आधाराने बसवलेला दात) किंवा इम्प्लांट (हाडात घातलेल्या स्क्रूवर बसवलेला दात), म्हणजे आपल्याकडेही तीस-चाळीस हजारांचा आकडा. दर पायरीला खर्च तिप्पट-चौपट होत जातो. गावाकडचा डेंटिस्ट स्वस्त आहे हे खरं, पण त्याच्याकडे आपण पोचतो ते तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर.

आता विम्याकडे. दुबईने २०१३ च्या ११ क्रमांकाच्या कायद्याने प्रत्येक रहिवाशाला आरोग्य विमा बंधनकारक केला. कमी पगाराच्या कामगारांसाठी त्यात एक किमान पॅकेज आहे, वर्षाला दीड लाख दिऱ्हमपर्यंतचं. हप्ता मालकाने भरायचा आणि तो पगारातून कापायला मनाई. हे चांगलंच झालं. त्याआधी बांधकामावरचा माणूस आजारी पडला की ओळखीपाळखीतून वर्गणी काढावी लागे. पण या पॅकेजमध्ये दात आणि हिरड्यांचे उपचार फक्त तातडीच्या वैद्यकीय प्रसंगापुरते आहेत, तेही २० टक्के स्वतः भरून. दातांच्या पंक्तीला चष्मा आणि श्रवणयंत्रंही बसवलेली आहेत. शिवाय तज्ज्ञाकडे थेट जाता येत नाही, आधी जनरल फिजिशियनची चिठ्ठी लागते. दाढ दुखते म्हणून माणूस कार्डावरच्या क्लिनिकमध्ये गेला तर तिथले डॉक्टर आयब्युप्रोफेन आणि फार तर पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहून देतात. ठणका थांबतो. आतला जंतुसंसर्ग तिथेच राहतो, कारण मेलेल्या नसेत रक्तपुरवठा नसतो आणि गोळीतलं औषध तिथवर पोचतच नाही. दोन महिन्यांनी पुन्हा तेच, मग तिसऱ्यांदा गावाहून आणलेली स्ट्रिप. जबड्याखाली टणक सूज येते, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, गिळताना त्रास होतो, ताप भरतो. ही सूज जिभेखालून गळ्याकडे उतरली तर श्वासनलिका दाबली जाऊ शकते आणि मग आयसीयूत न्यावं लागतं.

आणि इथे विमा उघडतो, कारण आता ही ‘इमर्जन्सी’ झाली! तीनशे दिऱ्हमचं फिलिंग नाकारणारी पॉलिसी शिरेतून अँटिबायोटिक, सीटी स्कॅन, भूल देऊन पू काढणं आणि चार दिवसांचा खाट-खर्च यांचे हजारो दिऱ्हम भरते. दया-माया बाजूला ठेवा. निव्वळ विमा कंपनीचा ताळेबंद म्हणूनही हे शहाणपणाचं नाही.

१ जानेवारी २०२५ पासून शारजा, अजमान, रास अल खैमा, उम्म अल क्वैन आणि फुजैरा या उरलेल्या अमिरातींतही खासगी नोकरदार आणि घरकामगारांसाठी मूलभूत विमा सक्तीचा झाला. हप्ता वर्षाला फक्त ३२० दिऱ्हम. ओपीडीच्या बिलाचा २५ टक्के भाग, एका भेटीला जास्तीत जास्त १०० दिऱ्हम, रुग्णाने भरायचा. औषधांचे ३० टक्के, आणि औषधांची वार्षिक मर्यादा १,५०० दिऱ्हम. हप्ता इतका स्वस्त ठेवला की भेटीगणिक खिशात हात घालावा लागणार, हे ओघाने आलं. कुवेतने तर सरकारी दवाखान्यांची परदेशी लोकांसाठीची फी २०१७ च्या ऑक्टोबरपासून वाढवली, मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीला १० दिनार. डिसेंबर २०२२ पासून औषधांचे वेगळे ५ किंवा १० दिनार. दिनार पावणेतीनशे रुपयांच्या वर आहे. अशी फी लावली की गर्दी कमी होते, यात शंका नाही. पण त्या गर्दीतून आधी गळतो तो रक्तदाब तपासायला आलेला माणूस. हार्ट अटॅक आलेला गळत नाही, तो येतोच.

‘कामगारांना दातांचे विमे कोण देतं?’ असा प्रश्न येतो. त्याचं उत्तर दुबईच्या शेजारीच आहे. सौदी अरेबियाच्या सक्तीच्या खासगी आरोग्य विम्यात दातांसाठी वर्षाला साधारण २,००० रियालची मर्यादा पूर्वीपासून आहे. तपासणी, सफाई, फिलिंग, रूट कॅनाल एवढं त्यात कसंबसं बसतं. कॅप आणि इम्प्लांट बसत नाही. माझ्या मते हीच योग्य रेषा आहे. विम्याने दात वाचवायचे पैसे द्यावेत, गेलेले दात बसवायचे नाही दिले तरी चालेल. रियाधमधल्या मराठी कामगारांना ही तरतूद माहीतच नसते, ही वेगळी अडचण. कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत ‘डेंटल’ लिहिलेलं असतं, क्लिनिकच्या यादीत दंतवैद्यही असतो, आणि वर्ष संपलं की मर्यादा न वापरता संपते.

जर्मनीचं उदाहरण याहून बोलकं आहे. पुण्याहून तिकडे गेलेले हजारो इंजिनिअर तिथल्या सार्वजनिक आरोग्य विम्यात असतात. तिथे कॅप-ब्रिजच्या ठरावीक खर्चाच्या ६० टक्के रक्कम विमा देतो. पण वर्षातून एकदा डेंटिस्टकडे तपासणी करून एका छोट्या वहीत शिक्का घेतला आणि असे सलग पाच वर्षांचे शिक्के असले तर तोच वाटा ७० टक्के होतो, दहा वर्षांचे असले तर ७५. त्या वहीला बोनसहेफ्ट म्हणतात. जर्मनीत पोचलेल्या माणसाने पहिल्याच वर्षी ती मागून घ्यावी. दात दुखत नाहीत म्हणून न जाणाऱ्याचे शिक्के बुडतात, ते मागून मिळत नाहीत. जपानमध्ये तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्या परदेशी माणसालाही राष्ट्रीय किंवा कंपनीच्या आरोग्य विम्यात यावंच लागतं आणि दातांची बहुतेक नेहमीची कामं त्यात ३० टक्के भरून होतात.

श्रीमंत देश म्हणजे दातांची सोय, असंही नाही. अमेरिकेत वृद्धांसाठीच्या मेडिकेअरने १९६५ पासून दातांची नेहमीची कामं बाहेरच ठेवली आहेत, आणि नोकरीतून मिळणाऱ्या डेंटल प्लॅनची वार्षिक मर्यादा बहुधा हजार ते दोन हजार डॉलरच्या आत असते. एका रूट कॅनाल-कॅपमध्ये ती संपते. ब्रिटनच्या व्हिसासाठी फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. एवढं भरूनही इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेच्या, डेंटिस्टकडे प्रौढांना वेगळे पैसे पडतात, आणि मुळात नवे पेशंट घेणारा एनएचएस डेंटिस्ट सापडणं हीच मोठी अडचण. म्हणून न्यू जर्सीतला सॉफ्टवेअरवालाही डिसेंबरात पुण्यात येऊन दाढा करून घेतो. फरक इतकाच की त्याला रजा वाढवून घेता येते आणि लॅपटॉप उघडून कोथरूडमधून काम करता येतं. शारजातल्या एसी टेक्निशियनला ते शक्य नाही.

तेव्हा मुद्दा येतो त्या तीस दिवसांवर. अमिरातींच्या कामगार कायद्यात वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा आहे. सौदीत पहिली पाच वर्षं २१ दिवस, नंतर ३०. बरेच जण तिकिटाचे पैसे वाचवायला दोन वर्षांची रजा एकत्र घेतात, म्हणजे दातांच्या दोन भेटींत दोन वर्षांचं अंतर. आणि तोंडातली हाडं-हिरड्या रजेच्या अर्जावर चालत नाहीत. दाढ काढल्यावर वरची हिरडी दोन-तीन आठवड्यांत मिटते, पण आतली जागा हाडाने भरायला तीन ते सहा महिने लागतात आणि त्या काळात कडा आत ओसरत जाते. रजेच्या पहिल्या आठवड्यात दाढ काढून चौथ्या आठवड्यात पक्का ब्रिज चिकटवला तर तो त्या दिवशी छान दिसतो. चार महिन्यांनी खाली फट पडते, तिथे अन्न अडकतं, वास येतो आणि शेजारचे घासलेले दोन दात आतून किडू लागतात. एक दाढ गेली होती, आता तीन जाणार. घाईतल्या ब्रिजची ही तक्रार कुणाही अनुभवी दंतवैद्याला विचारा.

इम्प्लांटचं गणित आणखी वेगळं. टायटॅनियमचा स्क्रू हाडाशी एकजीव व्हायला खालच्या जबड्यात दोन-तीन महिने, वरच्या जबड्यात चार ते सहा महिने द्यायचे असतात, कारण वरचं हाड जास्त मऊ असतं. ‘तीन दिवसांत फिक्स दात’ अशा जाहिराती काही निवडक जबड्यांपुरत्या खऱ्या असतात. भरपूर हाड, स्क्रूची घट्ट पकड, तंबाखू नाही, साखर ताब्यात आणि नंतर काही बिनसलं तर गाठता येईल एवढ्या अंतरावर डॉक्टर. गुटखा खाणारा, सिगारेट ओढणारा, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) नऊवर असलेला आणि आठव्या दिवशी मस्कतच्या विमानात बसणारा माणूस या यादीतल्या शेवटच्या तीन अटींत बसत नाही. त्याच्यासाठी दोन रजांची योजना करावी. या रजेत दाढ काढून इम्प्लांट ठेवायचा, वर झाकण लावून हिरडी शिवायची. पुढच्या रजेत कॅप. मधलं एक वर्ष इम्प्लांटला अपाय करत नाही. समोरची दाढ खाली सरकू नये, शेजारचे दात मोकळ्या जागेत कलू नयेत म्हणून तात्पुरती काढता-घालता येणारी पट्टी डॉक्टरांकडून मागून घ्यावी, आणि ती कंटाळा न करता वापरावी.

रूट कॅनाल आणि कॅप मात्र एका रजेत नीट बसतं, क्रम चुकला नाही तर. लोक पहिले दोन आठवडे लग्नं, पाहुणे आणि घराच्या कामात घालवतात, दातांना शेवटचे दहा दिवस देतात, आणि तिथेच फसतात. निघण्यापूर्वी तिकडेच ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढून गावच्या डॉक्टरांना पाठवावा. या एका एक्स-रेवर कामाचा अंदाज आणि खर्चाचा आकडा आधी कळतो आणि भेटींच्या तारखा ठरतात. दाखवणं आणि सफाई पहिल्या तीन-चार दिवसांत. काढायच्या दाढा पहिल्या आठवड्यात, म्हणजे टाके सात ते दहा दिवसांत निघतात आणि काही बिघडलं तर डॉक्टर जवळ असतो. रूट कॅनालही पहिल्याच आठवड्यात सुरू करावं, कारण मुळाशी पू असेल तर आत औषध भरून आठवडा-दोन आठवडे थांबावं लागतं. मग माप, लॅबचे पाच-सात दिवस, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी कॅप. शेवटचा आठवडा मुद्दाम रिकामा ठेवायचा. नवी कॅप सुन्न केलेल्या तोंडात बरोबर वाटते आणि दोन दिवसांनी भाकरी चावताना उंच लागते. निळा कागद चावून ती घासून घ्यायला दहा मिनिटं पुरतात, पण ती दहा मिनिटं दम्माममध्ये मिळत नाहीत. उंच कॅपवर वर्षभर चावलं की खालचं मूळ दुखू लागतं, मग दोष ‘इंडियातल्या डॉक्टरला’.

निघायच्या आदल्या दिवशी दाढ काढणं हा सगळ्यात वाईट सौदा. काढलेल्या जागी रक्ताची गुठळी टिकली नाही तर दुसऱ्या-चौथ्या दिवसादरम्यान हाड उघडं पडून असह्य ठणका सुरू होतो. सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त. माणूस तेव्हा लेबर कॅम्पात असतो. वरच्या जबड्यात सायनसजवळ हाड भरण्याचं काम झालं असेल तर विमानप्रवास साधारण दोन आठवडे टाळावा, हे डॉक्टरला न विचारता तिकीट काढू नये. रूट कॅनाल करून वर पांढरं मऊ तात्पुरतं फिलिंग तसंच ठेवून निघणारेही खूप. ते काही आठवड्यांत झिजतं, लाळ आत झिरपते, आणि केलेलं सगळं काम पुन्हा पहिल्यापासून.

आणि कागदपत्रं! इम्प्लांटच्या पाकिटात बोटभर स्टिकर येतं, त्यावर कंपनीचं नाव, व्यास आणि लांबी (४.२ × १० मिमी असं काहीतरी) आणि लॉट नंबर. ते आपल्या फाइलवर चिकटवून घ्यावं आणि फोनमध्ये फोटो ठेवावा. वरचा स्क्रू सैल झाला तर तो घट्ट करायला त्याच कंपनीचा ड्रायव्हर लागतो. स्टिकर नसेल तर दोह्यातला दंतवैद्य एक्स-रे बघून अंदाज बांधत बसतो, आणि प्रत्येक अंदाजाची फी घेतो. रूट कॅनालनंतरचा एक्स-रे, कॅपचा प्रकार आणि शेड, दिलेल्या औषधांची नावं एवढं एका पानावर मागून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. लाजू नये. न देणाऱ्या डॉक्टरकडे इम्प्लांट बसवू नये, इतकं थेट मी म्हणेन.

खर्च कमी करायचा असेल तर खासगीच्या पलीकडेही जागा आहेत : मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज. शुल्क खासगीच्या तुलनेत फारच कमी. मात्र काम विद्यार्थी करतात, प्रत्येक टप्पा शिक्षकाने तपासायचा असतो, त्यामुळे भेटी वाढतात. तीस दिवसांच्या रजेला ते झेपेलच असं नाही. दाढा काढणं, सफाई, फिलिंग यांसाठी उत्तम. कोकणपट्टीतल्या रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सरकारी दंत महाविद्यालय नाही, आणि आखातात माणसं पाठवणाऱ्या तिथल्या तालुक्यांना मुंबई गाठावी लागते, ही महाराष्ट्र सरकारच्या खात्यावरची उधारी.

दातांचा विषय मी लांबवला, कारण रचनेतली खोट तिथे उघडी पडते. पण साखर आणि रक्तदाब यांचंही तेच आहे. हिरड्यांचा जुना आजार साखर वाढवतो आणि वाढलेली साखर हिरड्या खाते, म्हणजे दोन्ही प्रश्न एकाच तोंडात भेटतात. दुबईच्या किमान पॅकेजमध्ये आधीपासूनच्या आणि दीर्घ आजारांना पहिले सहा महिने संरक्षण नाही, म्हणून लोक साखर लपवतात आणि गावाहून वर्षाच्या गोळ्या बॅगेत घालतात. साखर-रक्तदाबाच्या मेटफॉर्मिन-अॅम्लोडिपिनसारख्या साध्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून, मूळ औषधाच्या नावाने लिहिलेल्या चिठ्ठीसह, तीन महिन्यांपुरत्या नेणं समजण्यासारखं आहे. पण ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, प्रीगॅबालिन, अल्प्राझोलाम ही तिथे नियंत्रित औषधं आहेत. दाढेच्या किंवा कंबरेच्या दुखण्यासाठी शेजाऱ्याने दिलेली एक स्ट्रिप विमानतळावर अटकेपर्यंत नेऊ शकते. अमिरातींच्या सरकारची परवानगी प्रवासाआधी ऑनलाइन काढता येते. ती काढावी किंवा गोळी घरीच ठेवावी.

आता आपल्या बाजूचं. आखातात जाण्याआधी प्रत्येक कामगाराची ‘वाफिद’ची, जिला लोक अजून ‘गामका’ म्हणतात, वैद्यकीय तपासणी होते. छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, कावीळ ब आणि क. ती तपासणी यजमान देशाच्या सोयीची आहे : हा माणूस आजार घेऊन येत नाही ना. त्याच दिवशी, त्याच केंद्रात एक दंतवैद्य बसवून पाच मिनिटं तोंड बघितलं आणि ‘निघण्याआधी या दोन दाढा भरून घ्या’ असं लिहून दिलं, तर पुढची दोन वर्षं वाचतात. परराष्ट्र मंत्रालयाचं निघण्यापूर्वीचं एक दिवसाचं प्रशिक्षण आहेच; त्यात विमा कार्ड कसं वाचायचं, रेफरल म्हणजे काय, डेंटलची मर्यादा कुठे लिहिलेली असते, हा तासभराचा धडा घालायला नवा कायदा लागत नाही.

प्रवासी भारतीय विमा योजना २००३ पासून आहे. दोन वर्षांना २७५ रुपये किंवा तीन वर्षांना ३७५ रुपये अधिक कर एवढ्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख रुपये आणि रुग्णालयात दाखल झाल्यास मर्यादित खर्च मिळतो. पण ती ज्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे कामासाठी जाण्याआधी सरकारी परवानगी लागते) आहे त्यांच्यासाठी, म्हणजे मुख्यतः दहावी न झालेल्यांसाठी आणि आखातासह ठरावीक १८ देशांसाठी. दहावी पास होऊन त्याच साइटवर तेच वेल्डिंग करणारा रत्नागिरीचा मुलगा या योजनेबाहेर. शिक्षणाची ही शिक्षा कशासाठी? पगाराच्या पातळीवर ठरवा, दाखल्यावर नको. दूतावासांकडे २००९ पासूनचा भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. आपणच भरलेल्या कॉन्सुलर शुल्कातून तो उभा राहतो आणि अडचणीत सापडलेल्याला तातडीच्या उपचारासाठी त्यातून मदत मिळू शकते. पण तोही शेवटच्या टोकावरचा उपाय. सहाही आखाती देशांशी भारताचे कामगारविषयक करार आहेत. त्यांच्या नूतनीकरणाच्या वेळी किमान विम्यात वर्षातून एक तपासणी, सफाई, फिलिंग, दात काढणं आणि एक रूट कॅनाल एवढं मागायला हरकत काय? सौदीत ते चालतं, तर दुबई आणि कुवेतमध्ये का नाही, हा प्रश्न टेबलावर ठेवायला पैसे पडत नाहीत. हप्ता थोडा वाढेल हे मान्य. तो मालकाने भरायचा आहे, आणि कामावर गालाला फडकं बांधून उभा असलेला क्रेन ऑपरेटर मालकालाही स्वस्त नाही.

राज्यांच्या पातळीवर केरळने प्रवाशांसाठी १९९६ मध्ये वेगळं खातंच काढलं. २०२५ मध्ये ‘नोर्का केअर’ ही ५ लाखांच्या आरोग्य विम्याची आणि १० लाखांच्या अपघात संरक्षणाची योजना आणली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं ५ लाखांचं संरक्षण कागदावर सगळ्यांना खुलं आहे. अडचण दाराशी येते : रेशन कार्डाची ई-केवायसी माणूस अबू धाबीत असताना होत नाही, नाव वगळलं जातं, आणि बायपासची वेळ आली की फेऱ्या सुरू. ही ई-केवायसी दूतावासातून किंवा रजेत तहसीलमध्ये एका फेरीत करता यावी, एवढीच मागणी आहे. गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. कुवेतमध्ये तीस वर्षं काढून बाणावलीला परतलेल्याची परदेशातली वर्षं त्यात कशी धरायची, हे नियमातच स्पष्ट लिहायला हवं, खिडकीवरच्या कारकुनाच्या मर्जीवर नको.

सरकार हलेपर्यंत एक गोष्ट स्वतःच्या हातात आहे. कायमचं परतायच्या किमान तीन वर्षं आधी भारतातली आरोग्य पॉलिसी घ्या. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, आणि तुम्ही तिकडे असतानाही तो मोजला जातो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला. साखर, रक्तदाब अर्जात खरं लिहा. आणि कोणता हप्ता भरता यापेक्षा पॉलिसीत दातांबद्दल काय म्हटलंय ते आधी वाचा. बहुतेक भारतीय पॉलिसींतही अपघाताशिवायचं दातांचं काम बाहेरच आहे, म्हणजे तिथे नसलेली सोय इथेही नाही.